सव्वीस जुलैचं पान : दिनविशेष फलकाच्या नोंदी

२८ जून, शनिवार

शाहू जयंती परवा झाली. दसरा चौकातल्या पुतळ्यावरचे हार अजून निघाले नसतील तोवर आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्याची वाटणी झाली. दारातल्या काळ्या फलकावर रोज खडूने दोन ओळींचा दिनविशेष लिहितात, ते चालूच राहील. पण महिन्यातून एका दिवसासाठी अख्खा फलक ऑइलपेंटने रंगवून घ्यायचा, असं यंदापासून ठरलंय. जुलै माझ्याकडे आला. दिवस निवडायला वेळ लागला नाही. २६ जुलै १९०२, शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या हुकमाचा दिवस, कोल्हापूर सोडून दुसरीकडे कुणी आधी लिहायचा?

ग्रंथपाल बाईंचं म्हणणं एकच : "रोजच्या पेपरातलं उतरवू नका. ते लोकांनी सकाळी वाचलेलं असतं."

२ जुलै, बुधवार

मदतीला बी.ए.ची एक मुलगी मिळाली आहे. इंटरनेटवरून २६ जुलैची लांबलचक यादी काढून आणली. लायबेरियाचं स्वातंत्र्य १८४७, बर्नार्ड शॉचा जन्म १८५६, कार्ल युंगचा १८७५, अमेरिकेच्या एफबीआयची सुरुवात १९०८, मालदीवचं स्वातंत्र्य १९६५, अपोलो १५ चं उड्डाण १९७१, अहमदाबादचे बॉम्बस्फोट २००८... यादी वाचताना रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटतं, सगळं बरोबर आणि काहीच लक्षात राहत नाही.

तिला म्हटलं, प्रत्येक ओळीपुढे एक क्रियापद लिही. त्या दिवशी नेमकं काय झालं? सही झाली, छापून आलं, जाहीर झालं, बोट सुटली, पाऊस पडला? 'कारगिल, १९९९' ही ओळ नव्हे. 'आरक्षण, १९०२' हीसुद्धा नव्हे. ज्या ओळीला क्रियापद मिळणार नाही ती खाली सरकवायची.

संध्याकाळपर्यंत यादी अर्ध्यावर आली.

५ जुलै, शनिवार

आजचा दिवस १९०२ ला दिला.

क्रियापद आहे 'प्रसिद्ध झाला'. हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात आला तेव्हा महाराज कोल्हापुरात नव्हते, इंग्लंडात होते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते मे महिन्यात गेले. समारंभ ठरला होता २६ जून १९०२ ला. दोन दिवस आधी, २४ जूनला, राजाच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं आणि जगभरून जमलेले पाहुणे अडकून पडले. शेवटी समारंभ ९ ऑगस्टला झाला. ह्याच दौऱ्यात केंब्रिजने महाराजांना एलएल.डी. दिली. आणि समारंभ लांबला त्या मधल्या काळात इकडे हा हुकूम निघाला. म्हणजे २६ जूनला महाराजांना २८ वर्षं पूर्ण झाली ती विलायतेत, न झालेल्या समारंभाच्या दिवशी. हे फलकावर बसणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हुकूम छोटा आहे. भाषणबाजी नाही. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून दरबार प्रयत्न करत आला, पण शिकलेल्यांना पुढे नोकरीची वाट दिसली पाहिजे, अशी सुरुवात. मग मुद्द्याची गोष्ट : हुकूम पोचल्याच्या तारखेपासून रिकाम्या होतील त्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ज्या कचेऱ्यांत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. मागासलेले म्हणजे कोण, तेही लिहून ठेवलंय : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे.

सगळ्यांचं लक्ष ५० च्या आकड्यावर जातं. मला दुसरंच एक कलम जास्त आवडतं. सर्व खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करायचा. धोरण जाहीर करणारे पुष्कळ असतात. तीन महिन्यांनी कागद मागवणारा राजा विरळा. ज्याने कचेरीत नोकरी केली आहे त्याला कळेल की हुकूम दाबला जातो तो ह्याच जागी.

पार्श्वभूमीचा एक आकडा घ्यावाच लागेल. महाराज २ एप्रिल १८९४ ला गादीवर आले तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. वेदोक्ताचं प्रकरण, म्हणजे महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायचे की पुराणोक्त हा वाद, १९०२ ला पेटलेलंच होतं. आणि व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग एप्रिल १९०१ मधलं. आधी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय, मग सव्वा वर्षात नोकरीचं दार. हा क्रम सहसा कुणी सांगत नाही. आज दसरा चौकातून जाताना वसतिगृहांच्या इमारती दिसतात आणि हुकूम दिसत नाही, म्हणून असेल.

'देशातलं पहिलं आरक्षण' लिहायचं का, यावर मुलीशी थोडी चर्चा. मी म्हटलं, 'पहिलं' ह्या शब्दाने भांडणं लागतात. त्यापेक्षा शेजारी दोन तारखा ठेव. मागासांच्या नोकऱ्यांसाठीची म्हैसूरची मिलर समिती १९१८ ची, नोकऱ्या जातवार वाटणारा मद्रासचा सरकारी आदेश, कम्युनल जी.ओ., १९२१ चा. वाचणारा काय तो हिशोब करेल.

८ जुलै, मंगळवार

अपेक्षित होतं ते आलंच. वाचनालयातले एक जुने सभासद टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "२६ जुलै म्हणजे महाराजांचा वाढदिवस. ते पहिलं लिवा की."

त्यांचंही खोटं नाही. जुन्या पुष्कळ नोंदींत जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशीच मिळते. नंतर २६ जून १८७४ ही तारीख मान्य झाली आणि राज्य सरकार तोच दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं. पण छापलेलं सहजी पुसलं जात नाही. एकाने उतरवलं, दुसऱ्याने त्याचं उतरवलं, आणि आता इंटरनेटवर दोन्ही तारखा सुखाने नांदतात. मुलीने आणलेल्या यादीतही २६ जुलैला जन्म होताच.

मला वाटतं, हुकमाची आणि जुन्या जन्मतारखेची 'सव्वीस जुलै' एकच पडल्यामुळे घोळ आणखी मुरला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, दोन्ही एकाच तारखेच्या, मग शंका कशाला घेईल कुणी.

कोल्हापूरला तारखांचा वाद नवा नाही म्हणा. शिवजयंती १९ फेब्रुवारीला सरकारी, फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची, आणि आमच्या पेठांतल्या तालमी अक्षय तृतीयेच्या सुमारास वाजतगाजत परंपरेची करतात. त्यात १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरात मोजली तर १ मार्च येते. तिन्ही वेळा मिरवणूक बघायला मिळत असेल तर तक्रार कोण करणार!

फलकावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ ठेवायची ठरली : 'महाराजांचा जन्म २६ जून १८७४. जुन्या पुस्तकांत २६ जुलै आढळते.' सभासद मान हलवून गेले. पटलं असं नाही, पण 'आढळते' लिहिल्यावर जरा बरं वाटलं त्यांना.

११ जुलै, शुक्रवार

कारगिल. ह्यावर फार थांबायचं नव्हतं, कारण त्या दिवशी शहरात कार्यक्रम असतात आणि माहिती सगळीकडे असते. पण सैनिक टाकळीकडचे एक निवृत्त सुभेदार वाचनालयात पेपर वाचायला येतात, त्यांना कच्चा मजकूर दाखवला. 'कारगिल युद्ध जिंकले' असं होतं. ते म्हणाले, "जिंकलं ते काय एका दिवसात? तोलोलिंग १३ जूनला घेतलं. टायगर हिल ४ जुलैला. पंतप्रधानांनी १४ जुलैलाच मोहीम यशस्वी झाली म्हणून सांगितलं होतं. २६ ला शेवटचा घुसखोर मागं गेल्याचं जाहीर केलं." क्रियापदाचा आग्रह मी धरत होतो, नेमकं क्रियापद त्यांनी दिलं. 'जाहीर झाले' असं केलं. त्याखाली ५२७ हुतात्मे, एवढंच.

१३ जुलै, रविवार

पाऊस लागून राहिलाय. घरी बसून २००५ चं काम.

मुंबईत 'सव्वीस जुलै' म्हटलं की साल विचारत नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहराची दोन टोकं, एकीकडे माणसं गाडीत बुडून गेली आणि दुसरीकडे छत्रीवर भागलं. मिठी नदी आहे हेच पुष्कळ मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. राज्यभरात त्या पावसाने हजारावर बळी घेतले.

इथे मुलीने एक चांगली गोष्ट शोधली. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा तो मोजतात, आणि आकडा दुसऱ्या तारखेच्या नावावर पडतो. म्हणजे ९४४ मिलिमीटरची सरकारी नोंद २७ जुलैची! पाऊस २६ च्या दुपारी कोसळला हे लाखो लोकांनी भोगलंय, पण तक्त्यात शोधायला गेलात तर एक ओळ खाली बघा. फलकावर २६ च राहणार. अनुभवाची तारीख घ्यायची की वहीची, असा प्रश्न पडला तर मी अनुभवाची घेतो, फक्त वही काय म्हणते ते ठाऊक असावं.

आमच्या महापुराचं काय, असं बाईंनी फोनवर विचारलं. २००५ च्या त्याच दिवसांत पंचगंगा आणि कृष्णाही फुगल्या होत्या, कोल्हापूर-सांगली पाण्यात होती. रास्त प्रश्न आहे. पण बराच विचार करून नको म्हटलं. मुंबईचा पूर आला तो काही तासांत. त्याला तारीख चिकटते. पंचगंगेचं पाणी बोटबोट चढतं. आपण ते दिवसांनी मोजतच नाही, राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांनी मोजतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. कुणाला २०१९ चा पूर विचारा, तारीख सांगणार नाही, '५५ च्या वर गेलं होतं' सांगेल, आणि २०२१ म्हटलं की '५६'. कुठल्या दुकानाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं ते सांगेल. ह्या गोष्टीला दिनविशेषाचा फलक हे योग्य घर नाही. पातळीच्या खुणा रंगवणारा वेगळा फलक करायला पाहिजे. बाईंना सुचवून ठेवलंय.

१६ जुलै, बुधवार

आज परदेश.

इजिप्तच्या दोन ओळी जोडून घेतल्या, कारण त्या तोडल्या तर अर्थ जातो. २६ जुलै १९५२ ला राजा फारुकने गादी सोडली आणि अलेक्झांड्रिया बंदरातून बोटीने देश सोडला. बरोबर चार वर्षांनी, २६ जुलै १९५६ ला, त्याच अलेक्झांड्रियात इजिप्तचा अध्यक्ष नासरने भाषण केलं. अस्वान धरणाला पैसे देणार नाही असं अमेरिकेने आठवडाभर आधी, १९ जुलैला, कळवलं होतं. भाषणात कालवा खोदणाऱ्या 'द लेसेप्स' याचं नाव हा ठरलेला संकेत होता. ते नाव कानावर पडताच नासरच्या माणसांनी सुएझ कालवा कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या होत्या. संकेत हुकू नये म्हणून नासरने ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं. भाषण संपेपर्यंत कालवा इजिप्तचा झाला होता.

म्हणजे ही तारीख आपोआप जुळलेली नाही; निवडलेली आहे. दिनविशेषाच्या याद्यांत योगायोग आणि निवड शेजारी शेजारी बसतात आणि सारख्याच दिसतात. आमच्या फलकावर तरी फरक दिसला पाहिजे. १९०२ साली मुंबईची बोट विलायतेला जायची ती ह्याच कालव्यातून, हे कंसात घ्यावंसं वाटलं. नंतर काढलं. मोह आवरावा लागतो.

क्यूबाची गोष्ट उलटी. २६ जुलै १९५३ ला फिडेल कॅस्ट्रोच्या दीडएकशे तरुणांनी सान्तियागोतल्या मोन्काडा बराकीवर हल्ला केला. दिवस निवडला तो शहरात जत्रा होती म्हणून. सैनिक रात्रभर पिऊन पडलेले असतील असा अंदाज. हल्ला साफ फसला. कित्येक मारले गेले, कॅस्ट्रो तुरुंगात गेला. पण बाहेर आल्यावर त्याने चळवळीला नाव दिलं तेच, २६ जुलै चळवळ. जत्रेमुळे निवडलेला, हरलेला दिवस १९५९ च्या विजयाचं नाव होऊन बसला. मुलगी म्हणाली, "काका, ही ओळ पहिल्या तिनांत घ्या." घेतली.

१८ जुलै, शुक्रवार

१९४५. ब्रिटनमध्ये मतदान झालं ५ जुलैला आणि निकाल लागला २६ जुलैला. जगभर पांगलेल्या सैनिकांची मतं यायला तीन आठवडे थांबले. चर्चिल हरले, त्याच दिवशी राजीनामा दिला, ॲटली पंतप्रधान झाले. दोन वर्षांनी आपल्या स्वातंत्र्याचा कायदा झाला तो ह्याच ॲटलींच्या सरकारात. शाळेत आपण हे सगळं १९४७ पासून शिकतो. त्याची एक कडी ह्या मतपेट्यांत आहे.

त्याच दिवशी रात्री बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमहून जपानला शरणागतीचं आवाहन निघालं. जपानात तोवर २७ तारीख उजाडली होती. असला गुंता चंद्रावरच्या माणसाचाही आहे. अपोलो ११ उतरलं ते अमेरिकेत २० जुलै, आपल्या घड्याळात २१ जुलैच्या पहाटे पावणेदोननंतर. म्हणून नियम केला : घटना जिथे घडली तिथली तारीख. बाकी सगळी उत्तरं जास्त त्रासाची आहेत.

२० जुलै, रविवार

गळालेले. शॉ, युंग, एफबीआय, अपोलो १५. मालदीव आणि लायबेरिया खडूच्या ओळींत पुढच्या वर्षी.

एकच गळताना वाईट वाटलं. २६ जुलै १९६३ ला पहाटे ५ वाजून १७ मिनिटांनी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या स्कोप्ये शहरात भूकंप झाला. हजारावर माणसं गेली, शहराचा बहुतेक भाग कोसळला. जुन्या रेल्वे स्टेशनवरचं घड्याळ त्या वेळेवर थांबलेलं आहे आणि ते तसंच ठेवलंय. पण फलक किती रुंद हे पेंटर अण्णांना विचारूनच बोलावं लागतं.

२२ जुलै, मंगळवार

अण्णा आले, मजकूर वाचला, पट्टीने माप घेतलं आणि कागद परत माझ्या हातात दिला. "सर, हे पुस्तक झालं. वाचणारा गाडीवर असतोय. गाडी बंद बी करत न्हाई त्यो."

मग बसून कापाकापी. अण्णांची पद्धत चांगली आहे. ओळ मोठ्याने वाचायला लावतात. जिथे श्वास अडतो तिथे खडूने रेघ मारतात. शेवटी उरलं ते असं :

१९०२ : करवीर दरबाराचा हुकूम प्रसिद्ध. रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना. दर तिमाहीला हिशोब.

१९४५ : ब्रिटनमध्ये चर्चिल हरले, ॲटली पंतप्रधान.

१९५३ : क्यूबात मोन्काडा बराकीवरचा हल्ला फसला. त्याच तारखेच्या नावाने पुढे क्रांती.

१९५६ : राजा गेल्याच्या चौथ्या वाढदिवशी नासरने सुएझ कालवा ताब्यात घेतला.

१९९९ : कारगिलमधून घुसखोर हटल्याचे जाहीर. ५२७ हुतात्मे.

२००५ : सांताक्रूझला ९४४ मि.मी., कुलाब्याला ७३.

'दर तिमाहीला हिशोब' हे अण्णा काढायला निघाले होते. ते राहिलं पाहिजे, असं ठामपणे सांगितलं. हवं तर नासरची ओळ तोडा म्हटलं. तोडली नाही, अक्षर बारीक केलं.

'चौथ्या वाढदिवशी' वर बाईंनी हरकत घेतली, राजा जाण्याला वाढदिवस कसला. अण्णांना तो शब्द आवडला होता. बाईंचं ऐकलं, 'त्याला चार वर्षे झाली त्या दिवशी' केलं. ओळ लांबली आणि अण्णा दिवसभर माझ्याशी कमी बोलले.

२५ जुलै, शुक्रवार

हवा दमट इतकी की पेंट वाळेना. फलक आत घेऊन पंख्याखाली ठेवला. १९०२ ची ओळ पिवळ्यात, बाकी पांढऱ्यात. जन्मतारखेची तळटीप अण्णांनी स्वतःहून लाल केली. विचारलं तर म्हणाले, "भांडण तिथंच हुनार हाय, दिसूंदे की."

२६ जुलै, शनिवार

१९०२ लाही हा दिवस शनिवारच होता. कॅलेंडर लावून पाहिलं.

सकाळी फलक दारात. अण्णांचं भाकीत दोन्ही बाजूंनी खरं ठरलं. गाडीवरचे थांबले नाहीत आणि जे थांबले ते तळटिपेपाशी. एक आजोबा म्हणाले, आमच्या लहानपणी जयंती आजच असायची, तुम्ही कोण बदलणारे. त्यांना आत नेऊन चहा दिला आणि दोन्ही तारखांची पुस्तकं समोर ठेवली. तासभर वाचत बसले होते.

शाळेतली काही मुलं आली. त्यातल्या एकाने विचारलं, "म्हणजे महाराज इथं नव्हतेच? मग सही कुणी केली?" विलायतेचा प्रवास, लांबलेला समारंभ सगळं सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न होता, तिमाहीचे तक्ते खरंच आले का, आणि ते कुठे बघायला मिळतील. ह्यासाठी मुलांना घेऊन पुराभिलेखागारात जायला हवं. करवीर दरबाराचं दप्तर तिथे आहे. बाई पत्र तयार करतायत.

सुभेदार येऊन कारगिलची ओळ दोनदा वाचून गेले. काही बोलले नाहीत, मी विचारलंही नाही.

२८ जुलै, सोमवार

फलक पुन्हा काळा केला. ऑगस्टचा दिवस निवडण्याची बैठक झाली. महिना माझा नाही, तरी ९ ऑगस्ट सुचवून आलो. संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं ते २०२४ ला आदल्याच रात्री, ८ ऑगस्टला. चले जावचा ठराव ८ च्या रात्रीचा आणि धरपकड ९ च्या पहाटेची, तेव्हा तिथेही क्रियापद नीट बघावं लागेल. नागासाकी त्याच तारखेचं. आणि एडवर्डचा रखडलेला राज्यारोहण समारंभही ९ ऑगस्टचाच, तो मुलीने आधीच आपल्या वहीत लिहून ठेवला होता.

अण्णांनी एक अट घातली आहे : ओळी पाच, त्यावर एकही नाही.